कोर्ट उठेपर्यंतची चोर

मंडळी, तालुक्याच्या कोर्टात चोरीचा खटला कसा निकाली निघतो, ते आज पाहून आले.

आमच्या गावातली कमलबाई शाळेत खिचडी शिजवते. शेजाऱ्याच्या टाकीतून दोन घागरी पाणी चोरल्याचा तिच्यावर आरोप होता. तिनं घेतलं नव्हतं. मी तिच्या सोबतीला गेले होते.

तिचे वकीलसाहेब व्हरांड्यात नवा जिल्हा कुठं होणार या गप्पांत रंगले होते. मान वळवून म्हणाले, "मावशी, गुन्हा कबूल म्हणा. कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा, की सुटलात."

"पर म्या घेतलंच न्हाई, साहेब."

"मग या दर तारखेला, वर्ष-दोन वर्षं."

तारखा सोमवारीच पडत होत्या, आणि आमचा आठवड्याचा पाण्याचा टँकरही सोमवारीच येतो. कमलबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. तिनं गुन्हा कबूल केला.

ना साक्षीदार, ना पुरावा. संध्याकाळी न्यायाधीश उठले, प्रकरण मिटलं. याला न्याय म्हणायची मला किळस येते.

परतताना एसटीत तिनं विचारलं, "ताई, चोर म्हणून नाव लागलं की. आता लेकरांची खिचडी करू देतील का मला?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं होतं? मान तर मीच हलवली होती.