लाल रेडियमचा ड्रमसेट

कोणतीही वस्तू समोर आली की भाई आधी तिला टिचकी मारायचे आणि मान कलती करून म्हणायचे, "आवाज देते." मग ते टरबूज असो, स्कूटरची टाकी असो, की माझ्या घरची पितळी घागर. एकदा आमच्या ह्यांच्या नव्या चष्म्याच्या काचेला मारली. हे चिडले. भाई म्हणाले, "काच चांगली आहे भाऊसाहेब, आवाज देते." असा माणूस शेजारी असला की चिडून काही उपयोग नसतो, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल.

यवतमाळच्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना भाई म्हणायचे. दिवसा लोहाऱ्याच्या रस्त्यावर दुकानात बसून ऑटोच्या सीटा शिवायच्या आणि लग्नसराईत वरातीपुढे वाजणाऱ्या धुमाल पार्टीत ड्रम वाजवायचा, हा त्यांचा संसार. हातगाडीवर ड्रमसेट बांधलेला, मागे भाई, पुढे नाचणारी पोरं. मी शाळेत शिकवायची. संध्याकाळी पेपर तपासायला बसले की भिंतीपलीकडे भाईंचा सराव सुरू. मी भिंतीवर लाटणं आपटायची. जरा वेळ शांतता व्हायची, मग तोच ठेका भिंतीच्या त्या बाजूने परत यायचा. मी कपाळावर हात मारून पेपर उचलून स्वयंपाकघरात जायची.

त्यांच्या पार्टीचा एक नियम होता. ज्या घरी दुखवटा असेल, त्या घरासमोर वाजवायचं नाही. घर दिसलं की भाई काड्या वर धरायचे, सगळे गप. घर मागे पडलं की पुन्हा सुरू. नवरदेवाचा बाप कितीही तणतणला तरी हा नियम मोडायचा नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. तुम्ही इकडचे असाल तर मी काय सांगू. भाई एकदा दारव्ह्याकडची वरात करून आले आणि ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "बाई, वाजवणं कमी आन थांबणंच जास्त झालं आज. एक घर मागं टाकून हात खाली केला की दुखवट्याचं दुसरं घर." लग्नं साधी होऊ लागली, पार्टी मोडली. वाटणीत भाईंनी फक्त ड्रमसेट मागून घेतला.

त्याच सुमारास त्यांचे कान जायला लागले. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, नस सुकते आहे, आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. मशीन लावलं तर बोलणं समजेल, वाजवणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. भाईंनी हे आम्हाला चहा पिता पिता सांगितलं. "मले फक्त एक डाव तो सेट नव्यासारखा आयकाचा आहे. मंग बंद झाले तं होऊ द्या." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. वाईट वाटलं की मला भांडीच सुचतात.

सेट जुना, कुठल्यातरी ऑर्केस्ट्रावाल्याकडून आलेला. वरचं मोतिया आवरण पिवळं पडून पापुद्रे सुटलेलं, पेच गंजलेले. भाईंनी अंगणात पोतं अंथरलं आणि कामाला लागले. भाभीची इस्त्री घेऊन गरम करून करून ते आवरण सोडवलं. पेच रॉकेलमध्ये बुडवले. घरात रॉकेलचा वास, त्यात इस्त्री खराब झालेली. भाभी म्हणाल्या, "इतका जीव कधी मले लावला नाही." भाईंना ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

नवं आवरण त्यांनी आपल्या हाताच्या सवयीने चढवलं. मरून रेक्झिन, आणि आत काय, तर फोम. आयुष्यभर सीटा शिवलेला माणूस, रेक्झिन कापलं की खाली फोम जायचाच. कडेला दुहेरी शिलाई, वर बटणं. दिसायला फार देखणा. पण कातडं ताणून धरणारी कडी नीट बसेना, आणि वाजवलं तर धप्प. आमचे हे कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला; तिथून येता येता भाईंच्या अंगणात थांबले, ड्रमभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भाई, याच्यावर बसून आर्णीपर्यंत आरामात जाता येईल." भाई इतके हसले की त्यांना खोकला लागला. केंद्रावर त्या दिवसांत हे रोज शेतकऱ्यांची तोंडं बघून यायचे आणि जेवताना बोलायचे नाहीत. त्या संध्याकाळी बोलले.

दुसऱ्यांदा भाईंनी नंबरप्लेटवाल्याकडून लाल रेडियमचा चमकणारा कागद आणला. तो एका माणसाने चिकटवता येत नाही, फुगे राहतात. एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं भाईंनी. दोघं पन्नाशी उलटलेले पुरुष ड्रमभोवती उकिडवे बसून, जीभ बाहेर काढून, अंगठ्याने कागद दाबत सरकत होते. मी ओट्यावरून म्हटलं, "घरातली एक खुंटी ठोकायला सांगितली तर वेळ नसतो." हे म्हणाले, "गप, फुगा राहील." काम झालं. रविवारी वाजवायचं ठरलं.

त्याआधीच हे गेले. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ऑटो भाईच चालवत होते.

त्यानंतर ड्रमसेटवर चादर पडली. मी दुसऱ्या महिन्यात भाईंना म्हटलं, वाजवा. त्यांनी कानाला हात लावले. "तुमच्या घरी दुखवटा आहे बाई. भाऊसाहेबाच्या भिंतीले लागून मी वाजवू?" मी समजावलं, रागावले, काही नाही. आमच्याकडे दुखवट्यात वर्षभर कढई चढत नाही, तळण नाही, सण नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्ष होईपर्यंत ते थांबणार होते.

पण कान थांबत नव्हते. आधी भाभीच्या बांगड्या त्यांना ऐकू येईनाशा झाल्या. मग कुकरची शिट्टी. आषाढात मी दारातून हाक मारली, तर पाठमोरे बसलेले भाई वळलेच नाहीत. चादर मात्र रोज झटकून पुन्हा नीट घालायचे.

पोळ्याच्या दिवशी मी उठले आणि कढई चढवली. नणंदेला कळल्यावर तिने फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि तिचंही चूक नव्हतं. करंज्या तळल्या, ताट घेऊन शेजारी गेले आणि भाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोठ्याने बोलावं लागायचं तेव्हा.

"कढई चढली माझ्या घरी. दुखवटा सुटला."

"वर्ष कुठं झालं बाई? काहून असं केलं?"

"तुमचे कान वर्षभर थांबतील का?"

भाईंनी करंजी उचलली, अर्धी भाभीला दिली, अर्धी खाल्ली. मग अंगणात जाऊन चादर काढली.

भाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण ती दुपार आहे तशी डोळ्यांपुढे आहे. उन्हात तो लाल कागद असा चमकत होता की बघवत नव्हतं. भाईंनी पायाने मोठा ड्रम वाजवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. तो आवाज त्यांना पोचला होता. मग बाकीचे ड्रम. ठेका धरला, मान डोलायला लागली. पोळ्याला सजवलेले बैल नेणारी माणसं गल्लीच्या तोंडाशी थांबली.

मग त्यांनी झांजेवर काडी मारली आणि थांबले. पुन्हा मारली. माझ्याकडे पाहिलं.

"वाजली का बाई?"

भाभीच्या कोंबड्या दचकून पळाल्या होत्या. अंगणात सगळ्यांना ऐकू आलं होतं, त्यांना एकट्यांना नाही. आम्ही उशीर केला होता. मी मान हलवली, वाजली म्हणून.

त्यानंतर भाईंनी वाजवताना माझ्या तोंडावरची नजर काढलीच नाही. झांज मारायचे आणि माझ्याकडे बघायचे, ती माझ्या चेहऱ्यावर कशी उमटते ते. मला रडू आलं. हे गेल्यापासून मी लोकांदेखत रडले नव्हते. पदराने डोळे पुसले आणि लगेच तोंड वर केलं. मी मान खाली घातली असती, तर त्यांची झांज बंद पडली असती.