विक्की अटॅकनं नाई मेला

अख्तरी घुग्घुसच्या बाजारात बांगड्या भरायची. हात आखडून बसणाऱ्या नव्या नवरीला ती दोन शब्दांत हसवायची आणि काकण मनगटात कधी सरकलं ते तिला कळूही द्यायची नाही. स्वभावानं भांडखोर नव्हती. भांडण तिला चाळिशी उलटल्यावर शिकावं लागलं, शेजारचा विक्की गेला तेव्हा.

विक्की म्हणजे हरिदास आणि कमलाचा एकुलता एक मुलगा. अख्तरीचा जुबेर त्याच्याच वर्गातला. बारावीत दोघंही नापास झाले आणि कोळशाच्या ट्रकांवर क्लीनर म्हणून लागले. २००२च्या उन्हाळ्यात एका सकाळी विक्की झोपेतून उठलाच नाही. हरिदास खाणीतला कामगार, चार माणसांत मान असलेला. त्यानं आल्यागेल्याला सांगितलं, "अटॅक आला." लोकांनी मान हलवली. विसाव्या वर्षी अटॅक कसा, हे कोणी विचारलं नाही.

मातीवरून आल्यापासून जुबेर भिंतीला टेकून बसला होता. अख्तरीनं पाणी पुढं केलं तसा तो फुटला.

"अम्मी, अटॅक नाई. आम्ही खोकल्याचं औषध पित होतो, नशेसाठी. अख्खी बाटली. त्यानं काल वरून झोपेच्या गोळ्या खाल्ल्या."

अख्तरीला आता उलगडलं. पोराच्या शर्टाला तो गोडसर वास कितीतरी महिने येत होता. खोकला समजून तिनं त्याला मधात आलं चाटवलं होतं.

तिचा नवरा जलालुद्दीन टायर-पंक्चरचं काम करायचा. त्यानं ऐकलं आणि ट्यूबची पट्टी उचलली. मारून हात दुखले तेव्हा पोराला मागच्या खोलीत कोंडून कुलूप घातलं. "दोन दिवसांत नशा उतरते," म्हणाला. आत जुबेर ओकत होता, घामानं भिजत होता, हातपाय आपटत होता. नणंद आली आणि दारातूनच म्हणाली, "निकाह करून टाका. जबाबदारी आली की सुधरतात पोट्टे."

"कोण्या पोरीच्या गळ्यात बांधू?" अख्तरी कडाडली. "तुह्या पोरीच्या?"

नणंद पाय आपटत निघून गेली. तेवढ्यात आतून आवाज आला, "मले बी विक्कीपाशी जाऊ द्या." अख्तरीनं नवऱ्याच्या खिशातून किल्ली ओढून घेतली, पोराला दवाखान्यात न्यायला. तो म्हणाला, "पागलच्या डॉक्टरकडं नेलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकायच्या तोंडात माती!" ती म्हणाली, आणि पोराला धरून चंद्रपूरच्या बसमध्ये चढली.

सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी जुबेरला आधी बसवलं, नंतर त्याचंच बोलणं ऐकून घेतलं. मग अख्तरीला सांगितलं, "हा आजार आहे, बाई. मारून, कोंडून जात नाही. औषध देऊन हळूहळू उतरवावं लागतं. मित्र गेल्याचं दुःख वेगळं, त्यावरही बोलावं लागेल. मरायची भाषा करतो ना, ती खरी धरा. त्याला एकटं सोडू नका." मग अख्तरीनं विक्कीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "त्या औषधावर झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतली की श्वास मंदावतो. माणूस विचित्र घोरतो, हलवलं तरी उठत नाही, ओठ निळे पडतात. त्याला झोपू द्यायचं नसतं. कुशीवर वळवून लगेच दवाखान्यात आणायचं."

"हे आम्हाले कोणी सांगतलं काऊन नाई?" अख्तरीचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "नसबंदीचं भिंतीवर लिहिता, पोलिओचं भोंग्यावर सांगता. हे कोण सांगणार होतं?"

 डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मी एकटी आहे." त्या उत्तरानं अख्तरीला आणखीच संताप आला, पण तो बाईंवर काढता येईना.

घुग्घुसला परतल्यावर ती बाईंचं सगळं बोलणं सांगायला कमलाकडं गेली. निम्मंच बोलली असेल, तोच हरिदास उठला. "माह्या पोराले मेल्यावर बदनाम करू नको, बाई. चालती हो."

पुढं एका दुपारी कमला आपणहून बाजारात आली. "अख्तरी, तो घोरत होता वं. म्या म्हटलं, थकला असन, झोपू दे."

अख्तरीनं तिचा हात घट्ट धरला.  मग दोघी उठल्या आणि पोरं जिथून बाटल्या घ्यायची त्या बसस्टँडमागच्या औषधाच्या दुकानावर तशाच गेल्या.

"पोरायले चिठ्ठीशिवाय बाटल्या तू देते ना?" अख्तरीनं विचारलं.

दुकानदार हसला. "मी काय तोंडात ओतलं का? मी नाई देलं तर दुसरा देईन."

"मंग त्याच्या दारात बी बसू. आज तुह्या दारात."

दोघी पायरीवर बसल्या. दुकानदार ओरडला, पोलिसांची भीती घातली. येणारा-जाणारा थबकू लागला. ट्रकवाले उतरून बघू लागले. आणि कधी मोठ्यानं न बोलणारी कमला उभी राहिली.

"माहा विक्की अटॅकनं नाई मेला! यानं विकलेल्या बाटलीनं अन् गोळ्यायनं मेला!"

हरिदास पाळी संपवून मोटारसायकलवर तिला न्यायला आला होता. त्यानं ते ऐकलं. गाडी स्टँडवर लावली, चेहरा दोन्ही हातांनी पुसला आणि बायकोच्या शेजारी पायरीवर बसला.

गाजावाजा झाला तेव्हा कुठं औषध खात्याचा साहेब आला. दुकान काही महिने बंद राहिलं, मग त्याच दुकानदाराच्या पुतण्याच्या नावानं उघडलं. जुबेर एकदा पुन्हा घसरला. त्या वेळी मात्र जलालुद्दीननं पट्टी उचलली नाही. चंद्रपूरच्या बसमध्ये तो पोराच्या शेजारी जाऊन बसला. पुढं जुबेर सावरला, बापासोबत टायरच्या कामाला लागला. अख्तरी आणि कमला कोणाच्या घरी पोरगं कोंडलंय असं कळलं की न बोलावता जायच्या. कुठं चहा मिळायचा, कुठं शिव्या.

बाजारात एक जण तिला म्हणाला, "अख्तरीबाई, आता तरी राग सोडा. पोरगं सुधरलं न तुमचं."

"माहं सुधरलं," ती म्हणाली. "कमलाचं कुठी हाये?"