सव्वादोन तासांची फेरी

माझा धाकटा भाऊ कारखान्यात लेथवर होता. तिथे त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत, कारण चहात साखर किती विचारलं तरी हा सांगे, “एक पॉइंट सात चमचे.” मी रंगमंचावर राण्या झाले, सासवा झाले, दोनदा भूतसुद्धा झाले, पण दशांशने एका रविवारी जमलेल्यांचा जीव जसा टांगणीला लावला, तसं मला जन्मात जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या दातांच्या डॉक्टरने छोट्या यंत्रांचा क्लब काढला. सभासद सात, जागा दवाखान्याची मागची खोली. पुढे पेशंट आ वासून बसलेले आणि मागून अचानक शिट्टी! त्या खोलीत अकरा वर्षं खपून दशांशने कोळशावर चालणारं, खरी वाफ सोडणारं, गुडघ्याएवढं इंजिन उभं केलं.

नगरपालिकेने बागेचा एक कोपरा दिला. अट एकच: ठरलेल्या रविवारी बारा प्रवासी घेऊन गाडीने पूर्ण फेरी मारायची. नाही जमलं, तर रूळ उखडून तिथे वाहनतळ.

आणि नेमकं रूळ टाकायच्या वेळी दोघांचं बिनसलं. कशावरून? तर इंजिन हिरवं हवं की तपकिरी! आठ महिने अबोला. बागेच्या एका टोकाकडून हा रूळ टाकतोय, दुसऱ्या टोकाकडून तो, आणि मधे निरोप्या मी.

“ताई, त्या दातवाल्याला विचार, दोन रुळांत अंतर किती धरलंय.”

मी झाडांमधून पलीकडे जाई. डॉक्टर मान वर न करता म्हणत, “लेथवाल्याला सांगा, एकशे ऐंशी मिलिमीटर. कागदावर तेच आहे आणि मला वाचता येतं.”

मी ते त्याच तोऱ्यात परत पोचवलं. शब्द एक इकडचा तिकडे नाही!

शेवटचा सांधा त्या रविवारी सकाळीच, जरा ओढूनताणून बसला. नगरपालिकेचे अधिकारी फाइल मांडीवर घेऊन तिसऱ्या डब्यावर बसले. गाडी निघाली. टाळ्या, शिट्ट्या, वाफेचे लोट! बरोबर अर्ध्या फेरीवर इंजिनची पुढची चाकं रुळावर चढली आणि गाडी थांबली.

दशांशने गुडघ्यावर बसून माप घेतलं. “एकशे सत्तर!”

डॉक्टरांनी त्यांचं घेतलं. “एकशे ऐंशी.”

दोघंही खरं बोलत होते. भावाने रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलं होतं, डॉक्टरांनी मध्यापासून मध्यापर्यंत. त्यामुळे डॉक्टरांचा अर्धा मार्ग दहा मिलिमीटरने अरुंद झाला होता.

माझा भाऊ रुळावर मटकन बसला. “संपलं, ताई. रुळांखाली दोनशे आडव्या पट्ट्या आहेत. प्रत्येक ठिकाणी नवं माप काढायचं म्हणजे दोन दिवस.”

तेवढ्यात माझी भावजय डब्यावरून उतरली. ती शिंपीण; चाळीस वर्षं मशीनवर बसलेली. “अहो, मापं कशाला काढताय? ब्लाउज तंग झाला की मी बाईला उभी करते आणि अंगावरच टाचण्या मारते. चाकं समोर आहेत ना? बाहेरचा रूळ सोडवा, चाकाला लावा, स्क्रू पिळा. पुढे चला.”

“डोळ्यांनी?” दशांश किंचाळला. “माप न घेता?”

“अकरा वर्षं मापंच घेतलीत की!”

दशांशने इंजिन चार बोटं मागे घेतलं आणि पहिला स्क्रू सोडवला. मग काय, बाराही प्रवासी खाली! कुणी स्क्रू सोडतंय, कुणी रूळ सरकवतंय, मी बसकण मारून पिळतेय आणि वर मोठमोठ्याने आज्ञाही सोडतेय. दोन पट्ट्या झाल्या की सगळे धावत जाऊन डब्यांवर बसायचे, गाडी हातभर पुढे, पुन्हा सगळे खाली. अधिकाऱ्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग फाइल झाडाखाली ठेवली, मग मला म्हणाले, “तो स्क्रूड्रायव्हर इकडे द्या, तुम्हाला धरता येत नाही.”

बाहेरचा रूळ सरकल्यामुळे शेवटी दीड बोटाची फट उरली. दशांश आठ महिन्यांत प्रथमच थेट बोलला, “डॉक्टर, फट भरता का?”

“आ करायला सांगा तिला,” डॉक्टर म्हणाले, आणि तुकडा कापून असा बसवला की नख जाईना.

फेरीला सव्वादोन तास लागले. अधिकाऱ्यांनी अर्ज उलटून-पालटून पाहिला. “फेरी पूर्ण झाली का, एवढंच विचारलंय. वेळेचा रकानाच नाही.” काळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी सही केली.

मग सगळ्यांनी हट्टाने दुसरी फेरी मारली, न उतरता. एकोणपन्नास सेकंदांत संपली. आणि खरं सांगते, खाली उतरलेल्या प्रत्येकाचा चेहरा पडला होता. “एवढंच?” असं सगळ्यात मोठ्याने विचारणारे अधिकारी होते.