ओल्या लिंबाचा पाळणा

धुळ्याला आमच्या घरी कातारकाम चाले. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, ती दोरी मी पुढे-मागे ओढायची, लाकूड गरगर फिरायचं आणि आमचे हे त्याला पटाशी लावायचे. लाटणी, भोवरे, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब असं सगळं त्यातून निघे. बघणारे ह्यांच्या हाताचं कौतुक करत. दंड माझे दुखत.

पहिल्यांदा मला दिवस गेले तेव्हा ह्यांनी हौसेनं शिसवाचा पाळणा आधीच करून ठेवला. लाकूड टोकांना शेण लिंपून सावलीत वाळवलेलं, कुठे रेघभर चीर नाही. मूल जन्मलं ते रडलंच नाही. सासूबाईंनी पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला ते मी विचारलं नाही. आधी पाळणा केला म्हणून असं झालं, हे त्यांचं ठाम मत. माझंही तेच झालं, कारण दुसरं काही कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी घरात पाळणा हा शब्दच बंद झाला. पण ह्यांचा जीव लाकडात. ओलं लाकूड कातलं की वाळताना तडकतं, हे ते मला उठता-बसता ऐकवत. मी नुसतीच दोरी ओढत होते ना, मला काय कळणार! शेवटी साक्रीकडच्या गाडीवानाकडून त्यांनी शिसवाचे चार ओंडके आणले आणि शेण लावून कोपऱ्यात रचले.

"हाई कसाकरता?" सासूबाईंनी विचारलं.

"बाजना पायसकरता."

"मंग ऱ्हाऊ दे."

ओंडके कशासाठी आहेत ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगत, बाजेचे पाय आहेत म्हणून. कुणाची नजर कशी असेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

मला आठवा लागला आणि पारोळ्याकडचा एक शेतकरी दारात आला. "अक्का, बाजना पायसकरता सुकेल लाकूड शे ना तुमनाकडे? मनी पोरनं लगीन शे."

नाही म्हणावं तर कशासाठी राखून ठेवलंय ते सांगावं लागणार. 

"शे ना," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसांत त्या मला दोरीला हात लावू देत नसत, तेव्हा त्यांनीच ती ओढली. पाय फार सुरेख झाले. शेतकरी खूश होऊन गेला आणि हे जेवले नाहीत.

मुलगा झाला. रडला, पण मांजराच्या पिल्लाइतकंच. सुईण जाताना म्हणाली, खणखणीत रडला की मग काळजी नको. आम्ही वाट बघत राहिलो. तो बारीक कण्हायचा आणि झोपायचा. मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची.

बारशाला पाळणा तर हवा. लढाईचे दिवस, लाकूड सगळं सरकारकडे जाई, वाळलेलं कुठे मिळेना. शेजाऱ्यांनी परसातला कडुलिंब पाडला होता, तोच ह्यांनी ओला कातायला घेतला. पटाशी लागली की कडू पाणी उडे ते थेट सासूबाईंच्या तोंडावर. त्या ते न पुसता दोरी ओढत राहिल्या. आपल्या हातून असलं काम होतंय म्हणून हे मान वर करत नव्हते.

बारसं झालं. पाळणा दिवसेंदिवस एका बाजूला कलू लागला, मूलही त्याच्याबरोबर कललं. मग एका दुपारी, ऊन चांगलं तापलेलं असताना, पाळण्याचा एक खांब फटाका वाजावा तसा तडकला.

हे धावत आले आणि आधी चिरेवर बोट फिरवून म्हणाले, "सांगेल नव्हतं मी?" पण त्यांचं कुणाला ऐकूच गेलं नाही. मूल दचकून जागं झालं होतं आणि लालबुंद होऊन, मुठी आवळून, बेंबीच्या देठापासून रडत होतं.

मी उचलायला धावले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"रडू दे त्याले. सारी गल्लीले ऐकू जाऊ दे."

मी मूल उचललं नाही. आम्ही तिघं त्या वाकड्या पाळण्याभोवती उभे राहून किती तरी वेळ ऐकत होतो.