पुढे जाण्यासाठी एंटर दाबा

बाबांना लकवा मारला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणंही गेलं. अगदी सगळं नाही, एक शब्द राहिला. दही. दहीच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. भूक लागली की दही, टीव्ही बंद करायचा असला की दही, राग आला की मोठ्यानं दही. समोरच्याचं बोलणं त्यांना बरंचसं कळायचं. पण 'हो' म्हणायचं असताना मान 'नाही'ची हलायची, आणि आपली मान चुकली हे लक्षात आलं की ते स्वतःवरच चिडायचे.

मी रजा घेऊन शहराबाहेरच्या बेसा वस्तीत आमच्या घरी आले. रजा वाढवली, मग बिनपगारी घेतली, मग नोकरीच सोडली. ऑफिसचा लॅपटॉप कुरिअरनं परत गेला. आईचे गुडघे पार गेलेले, तिला एकटीला बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवता येत नव्हतं. आंघोळ घालायला एक माणूस सकाळी यायचा, तो गेला की दिवसभर मी. फाटकाशी भाजीची गाडी थांबायची, तिथपर्यंत माझी मजल. तेही आईला ओरडून सांगायचं की मी बाहेर आहे.

त्यात उन्हाळा. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, रस्ते झाले, घरं झाली, झाडं मात्र कुणी लावली नाहीत. दुपारी पडदे ओढून घेतले की घरात अंधार आणि कूलरची घरघर. माणूस जागा आहे की झोपलाय हे त्याचं त्यालाही नीट कळू नये अशी ती दुपार.

मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिथे बाबांचा कॉम्प्युटर. बाबा टेलिफोन खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुटे भाग आणून तो स्वतः जोडला आणि त्यात लिनक्स घातलं. जी वस्तू उघडून बघता येत नाही ती माझी नाही, असं ते म्हणायचे. त्याच कॉम्प्युटरवर मी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम घेतलं होतं. जेवणं झाली, दोघं कलंडले की मी तिथे जाऊन दार लावून घ्यायची. त्या दोन-तीन तासांत मला कुणी हाक मारत नसे. खरं सांगायचं तर पैशापेक्षा मला त्या बंद दाराची गरज होती.

एका दुपारी तो सुरूच झाला नाही. म्हणजे पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात काहीतरी कशाची तरी वाट बघतंय असं लिहिलेलं. बऱ्याच वेळानं वाट बघणं संपलं आणि संदेश आला. त्याचा अर्थ असा, की यंत्रणा आणीबाणीच्या अवस्थेत आहे, मात्र मुख्य खात्याला कुलूप असल्यामुळे दुरुस्तीसाठी आत जाता येणार नाही. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.

मी एंटर दाबलं. थोडा विचार करून पुन्हा तोच संदेश. पुन्हा एंटर, पुन्हा तोच. बंद करून चालू केला तरी तेच. आत जाता येत नाही म्हणून सांगायचं आणि पुढे जायला एंटर दाबा म्हणायचं, आणि एंटर दाबलं की आहे तिथेच. मी किती वेळ दाबत बसले कोण जाणे. एका पुस्तकाची अर्धी प्रुफं आत अडकली होती आणि प्रकाशकाचा माणूस रोज विचारत होता.

शहरातल्या महाल भागात एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला.

"लिनक्स आहे का?" दुकानदार म्हणाला. "ते काढून विंडोज टाकून देतो ना मॅडम. डेटा मात्र जाईल."

"तुम्ही घरी येऊन बघाल का?"

"घरी नाही जमत. सीपीयू घेऊन या तुम्ही इकडे."

मी फोन ठेवला. सीपीयू घेऊन महालात जायचं तर निम्मा दिवस मोडणार, आणि बाबांना कोण उठवणार?

मग मोबाइलवर शोधलं. कळलं ते एवढं, की कुठली डिस्क कुठे जोडायची ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलेल्यातली एखादी डिस्क सापडली नाही की कॉम्प्युटर असा अडून बसतो. सुरू होताना नेमक्या क्षणी एस्केप दाबलं तर एक मेन्यू येतो, त्यातून आत शिरता येतं. तो नेमका क्षण काही मला सापडेना. कधी लवकर दाबलं जायचं, कधी उशिरा, आणि चुकलं की पुन्हा ते सगळं वाट बघणं.

आई दारात येऊन उभी राहिली. "काहून वं, अजून लागला नाही?"

"नाही लागत."

"तुह्या बाबांले विचार ना."

"काय विचारू, आई? दही म्हणतील."

मी हे जरा जोरात म्हणाले. आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, दही, दही, आणि पाठोपाठ स्टीलचा पेला फरशीवर पडल्याचा. आई माझ्याकडे बघत राहिली. "सारं ऐकू येऊन राहिलं त्याइले," एवढंच म्हणाली.

मी बाबांना व्हीलचेअरवर बसवून मागच्या खोलीत आणलं. लकव्यानंतर ते तिथे पहिल्यांदाच येत होते. दारातून खुर्ची कशीबशी गेली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वाचता आलं की नाही, मला माहीत नाही. मग डाव्या हातानं कॅबिनेटवर टकटक केलं आणि मनगट हवेत फिरवलं. मला कळेना. त्यांनी पुन्हा फिरवलं. चेहरा तापायला लागला.

"पेचकस मागून राहिले," आई म्हणाली.

मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि प्लग काढून कॅबिनेटची बाजू उघडली. आत धुळीचा थर. बाबांनी डावा हात घातला आणि चाचपडत खालच्या जुन्या डिस्कपाशी नेला. तिची लाल केबल त्यांना काढायची होती. पण केबलची क्लिप दाबताना डिस्क धरावी लागते, आणि त्यांच्याकडे हात एकच. दोन-तीनदा निसटलं. मी डिस्क धरली, तेव्हा त्यांनी केबल ओढली. तोंडाजवळ नेऊन फुंकर मारायला गेले, पण ओठ एका बाजूनं मिटत नाहीत, फुंकर गालातून निघून गेली आणि थोडी लाळ गळली. मी पदरानं पुसायला लागले तर त्यांनी मान मागे घेतली. मग मीच फुंकर मारली आणि दोघांनी मिळून केबल परत बसवली.

चालू केला. डिस्कमधून टक, टक असा आवाज यायला लागला. बाबा कान देऊन ऐकत होते. पडद्यावर परत तोच संदेश. मी म्हणाले, "नाही झालं, बाबा." पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी प्लगकडे बोट केलं. मी प्लग काढला, तसं त्यांनी केबलला हात घातला, मी डिस्क धरली, केबल निघाली, आणि या वेळी त्यांनी ती परत लावू दिली नाही. तळहात पालथा करून खाली आणला. संपलं.

"फोटो होते का वं त्याच्यात?" आईनं विचारलं.

होते. पुण्याला जायच्या आधीचे सगळे त्याच डिस्कवर होते, आणि मावशीच्या घरच्या लग्नाचं शूटिंगही. माझी प्रुफं दुसऱ्या डिस्कवर होती.

"गेले असतील," मी म्हणाले.

आई पेला उचलून आणते म्हणून आत गेली.

डिस्क काढली तरी फाइलमध्ये तिचं नाव होतंच, त्यामुळे आत शिरणं भागच होतं. मी पुन्हा चालू केलं आणि एस्केपकडे बोट नेणार, तेवढ्यात बाबांचं बोट तिथे होतं. त्यांनी दाबलं आणि मेन्यू आला. एवढा वेळ मला न सापडलेला तो क्षण त्यांच्या हाताला ठाऊक होता. खालीवर न बघता त्यांनी पुढचंही एक अक्षर दाबलं. सुरू होण्याच्या सूचनांच्या ओळी उघडल्या. बाबांनी बाणांच्या बटणांनी कर्सर नेमक्या ओळीच्या शेवटी नेला.

आणि हात थांबला.

तिथे आता शब्द लिहायचे होते. बोट कीबोर्डवर फिरत राहिलं, एका अक्षरावर गेलं, परत आलं. "दही," ते हळू म्हणाले. रागावून नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच मोबाइलकडे, कारण मला त्यांच्याकडे बघवेना. मोबाइलवरून एकेक अक्षर बघत मी ते शब्द टाइप केले. ते पडद्यावर लक्ष ठेवून होते. एके ठिकाणी माझी जागा सोडायची राहिली, तर त्यांनी बोटानं टेबलावर टकटक केलं.

आत शिरलो. ती फाइल उघडली. तीन ओळी, आणि प्रत्येकीत आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. यातली मेलेली डिस्क कुठली ते मला कळण्याजोगं नव्हतं, आणि चुकीची ओळ बंद केली तर होतं तेही जाणार.

"बाबा, कुठली? मान हलवू नका. बोट ठेवा."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिसरी. मी विचारलं, नक्की ना? बोट हललं नाही. मी तिसऱ्या ओळीच्या आधी ती वगळण्याची खूण घातली, फाइल जपून ठेवली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

तो लागला. निळा पडदा, कोपऱ्यात माझं फोल्डर, फोल्डरमध्ये प्रुफं. आई चहा घेऊन आली आणि बाबांच्या पुढ्यात बशी धरली. त्यांनी फुर्र करून चहा ओढला, सदऱ्यावर सांडला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या हातून निमूट पुसून घेतला.

प्रुफं मी त्याच संध्याकाळी पाठवली. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या घरमालकीणबाईंना फोन करून खोली सोडल्याचं सांगितलं. सामान मैत्रिणीकडे ठेवायला लावलं, ते अजून तिथेच आहे.

बाबांचं बोलणं फारसं सुधारलं नाही. आता 'दही'च्या जोडीला 'चल' आलाय. जेवण झालं की ते दुपारी झोपत नाहीत. चल म्हणतात, आणि मागच्या दाराकडे बोट करतात. मी खुर्ची ढकलत नेते. ते माझ्या डाव्या हाताला बसतात आणि मी काय करते ते बघत राहतात. मधेच पडद्यावरचा धुळीचा कण दाखवतात. मी दमून दोन मिनिटं डोळे मिटले की टेबलावर टकटक करतात. त्यांची खुर्ची आत आली की दार लागत नाही, चाक आडवं येतं. मग आईही येते, उंबऱ्याशी पाट टाकून मेथी निवडत बसते, आणि मला विचारते, अजून किती पानं राहिली वं.