पाओ-चूला विचारलेला प्रश्न

पाओ-चू माझ्यापेक्षा वयाने लहान, पण गल्लीत आवाज तिचाच मोठा. खाडीकाठच्या शेडमध्ये ती दिवसभर कालवं फोडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून मला म्हणायची, "लिआओ बाई, शाळा केव्हाच सुटली, आता तरी मान जरा सैल सोडा!" तिचा नवरा तिएन-शेंग मात्र मुलखाचा अबोल. "दोघांचं मीच बोलते," असं ती म्हणे, आणि ते खरंच होतं.

गेल्या वर्षी त्याच्या यकृताचं दुखणं हाताबाहेर गेलं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. आमच्याकडे माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात सोडायचा असतो. म्हणून नळीने हवा देत देत त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत फळ्यांवर अंथरूण घातलं, देव आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या लाल कागदाने झाकल्या, मरणाचे कोरे कपडे थरावर थर त्याच्या अंगावर चढवले. मग नळी काढली. मुलगा आणि सून गुडघे टेकून बसले. शेजाऱ्यांनीही रीतीप्रमाणे आपापल्या दारांवर लाल कागदाचे चौकोन चिकटवले, शोकाची सावली आपल्या घरात यायला नको म्हणून.

तासाभराने तिएन-शेंगने डोळे उघडले.

"किती उकडतंय," तो पुटपुटला. "कुणी घातले हे कपडे?"

सून किंचाळली. मुलाच्या हातातली उदबत्ती खाली पडली. मी दाराची चौकट घट्ट धरली. पाओ-चू तेवढी पुढे झाली. "मेल्या, सगळ्यांना रडवलंस आणि वर कपड्यांना नावं ठेवतोस?"

त्याने पेज मागितली. दोन चमचे घेतली आणि झोपला. दुसऱ्या दिवशीही तो होताच.

इस्पितळात परत जायला त्याने साफ नकार दिला. गावच्या दवाखान्यातली नर्स वेई-झू दुखणं कमी करायचं औषध घेऊन घरी येऊ लागली. पण दारांवरचे लाल कागद तसेच राहिले. ते शवपेटी घराबाहेर पडल्यावरच काढायचे असतात, आणि पेटी न निघालेलं घर कुणी पाहिलं नव्हतं. शोकाच्या घरी कुणी जात नाही, त्या घरातल्याने दुसऱ्याकडे जायचं नाही. पाओ-चूची शेडमधली जागा रिकामी पडली. मुलगा-सून नोकरीपायी उत्तरेला परतले. माझे यजमान जाऊन वर्ष झालं नव्हतं, मी सुतकातच होते, त्यामुळे मला आडकाठी नव्हती. दुपारी मी जाऊन बसत असे.

अशाच एका दुपारी वेई-झूने तिएन-शेंगला औषध दिलं, कूस बदलून दिली आणि ती पाओ-चूकडे वळली. "मावशी, तुमचं काय? झोप लागते का?"

"माझं काय व्हायचंय? मी तयारीत आहे. याचे कपडे घेतले तेव्हाच माझेही घेऊन ठेवलेत. जोडीने घेतले म्हणून दुकानदाराने भाव कमी केला."

मी हसले. वेई-झू हसली नाही. ती स्टूल ओढून समोर बसली.

"मावशी, स्वतःचा जीव घ्यायचं मनात आहे का?"

मरणाला टेकलेला माणूस समोर असताना, त्या घरात, असले शब्द! मी तिला गप्प करणार होते, तेवढ्यात माझं लक्ष पाओ-चूकडे गेलं. तिने हातातला पेजेचा वाडगा खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "हा गेला की."

फळ्यांवरून आवाज आला, "मला नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार, कर्म माझं! तू स्वतःच निघालायस," पाओ-चू म्हणाली, आणि त्याच्या आजारपणात पहिल्यांदाच हमसून रडली.

वेई-झूने तिथूनच फोन लावला. संध्याकाळी मनाच्या आजाराचे डॉक्टर येऊन पाओ-चूशी बोलत बसले. तिने स्वतःसाठी घेतलेले ते कपडे वेई-झूने दवाखान्यात नेऊन ठेवले. पण त्याआधी ती समोरच्या आ-फूच्या दारात गेली.

"पाओ-चू मावशींना आता एकटं ठेवून चालणार नाही. सोबतीला कोण येतंय?"

आ-फूने दारावरच्या कागदाकडे बोट केलं. "शोकाच्या घरात? सिस्टर, भलतंच काय सांगता!"

"तिथे अजून कुणी मेलेलं नाही. तुम्ही कुणी गेला नाहीत तर मरेल. आणि ते तिएन-शेंग काका नसतील."

आतून आ-फूची बायको आली आणि काही न बोलता नखाने कागद खरवडू लागली. मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी शेडमधल्या बायका टोपल्या आणि सुऱ्या घेऊन पाओ-चूच्या अंगणातच कालवं फोडायला बसल्या.

पुढच्या महिन्यात तिएन-शेंग गेला. पेटी निघाली, कागद पुन्हा लागले आणि उतरले. आणि एके सकाळी शेडच्या दारात वेई-झू उभी.

"पेशंट तर गेला," टोपल्या उतरवायला आलेला आ-फू म्हणाला. "आता ही कशाला येते?"

"एक गेला," ती म्हणाली, आणि थेट पाओ-चूकडे जाऊन, सगळ्यांसमोर, तिने तोच प्रश्न विचारला.

सुऱ्या थांबल्या. त्या शब्दांची सवय होत नाही. पाओ-चूने हातातलं कालव फोडून वाडग्यात टाकलं.

"काल होतं. आज नाही," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "पण काय गं, चारचौघींत असलं विचारतेस, लाज नाही वाटत?"

"नाही वाटत," वेई-झू म्हणाली. "कालचं सांगा."

पाओ-चूने शेजारची टोपली पायाने बाजूला सारून तिला बसायला जागा केली.