आपोआप आलेला साग

किनवटकडच्या आमच्या माळावरचा साग कुणीच लावला नव्हता. तो आपोआप उगवला आणि आपोआपच वाढला. आई गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या भावानं रीतसर परवानगी काढून तो तोडला आणि नांदेडच्या एका लाकूड व्यापाऱ्याला विकला. आलेले पैसे निम्मे निम्मे वाटून घेतले. मी लातूरला शाळेत शिकवते, भाऊ नांदेडला बांधकामाची कंत्राटं घेतो.

विवरणपत्र भरायच्या दिवसांत त्यानं मला त्याच्या कर सल्लागाराकडे नेलं. सल्लागारांच्या तोंडात पानाचा तोबरा होता. तो गालात सरकवून ते म्हणाले, "म्याडम, झाडं लावून, पाणी घालून वाढवली असतील तर ते शेतीचं उत्पन्न. त्याला कर नाही. आपोआप उगवलेली असतील तर भरावा लागतो. सांगा, कुणी लावली?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

भाऊ हसला. "आईनं लावली की."

शपथपत्र तयारच होतं. आमच्या मातोश्रींनी स्वतः खड्डे खणून रोपं लावली, डोक्यावरून पाणी वाहिलं आणि अखेरच्या श्वासापर्यंत झाडांची निगा राखली, असं त्यात लिहिलं होतं.

त्या ओळीशी मी थांबले. शेवटची सहा वर्षं आई लातूरला माझ्या घरी अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा धुणं हे मी करत होते. त्या सहा वर्षांत भाऊ दोनदा आला. दोन्ही वेळा नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला.

"सहा वर्षांत दोनदा दारात उभा राहिलास, आणि आता आईच्या नावावर हे लिहितोस?" मी त्याला तोंडावर म्हणाले.

"त्याचा इथं काय संबंध, आक्का?" तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला इचारायला कोण जाणार हाय? लई खोलात जाऊ नको. सही कर."

"सगळेच करून राहिलेत, म्याडम," सल्लागारांनी पेन पुढं केलं.

खोटं कशाला सांगू, मी ते हातात घेतलं. घराचं छत गळत होतं, कराच्या वाचलेल्या पैशात ते दुरुस्त झालं असतं. क्षणभर का होईना मी तो हिशेब केला, याची किळस मला आजही येते. मग पेन तिथंच ठेवून मी उठले.

लातूरला दुसऱ्या सल्लागाराकडून 'झाडे आपोआप उगवलेली' असं लिहून घेऊन मी माझ्या वाट्याचा कर भरला. तोही माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं बघत होता. भावानं त्याच झाडांवर एक पैसा भरला नाही. त्याला कुणी काही विचारलं नाही, मलाही नाही.

पितृपक्षात त्याच्या घरी आईचं श्राद्ध होतं. पंगत बसायच्या आधी तो पाहुण्यांना सांगत होता, आईनं कशी भर उन्हात माळावर घागरी वाहिल्या, एकेक रोप कसं लेकरासारखं जगवलं. आमच्या मावशीनं पदरानं डोळे पुसले. आणि सांगता सांगता त्याचाही गळा दाटून आला. खरोखर दाटून आला; मी समोरच होते.

मला ताटावर बसवेना. चपला घातल्या आणि कुणाला न सांगता सरळ बसस्टँड गाठलं.